शरदातील आठवड्याचा हवामान अंदाज



आश्विन लागला की सातारा व सांगली जिल्ह्यांचे आभाळ निवळू लागते. दुपारी पारा ३०-३२ अंशांवर रेंगाळतो आणि पहाटे पिकांवर दव उतरते. पावसाळ्यात पुराच्या इशाऱ्याकडे कान लावून बसणारी गावे या दिवसांत अंदाजाकडे मात्र पाठ फिरवतात. वस्तुतः शेतकऱ्याचे सर्वांत नाजूक निर्णय याच सौम्य ऋतूत व्हावयाचे असतात.

वाळवा-कराडकडे सोयाबीनची काढणी व मळणी चालू असते. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत हस्ताच्या पावसावर वापसा येताच शाळूची पेरणी उरकावी लागते. तासगाव, मिरज, पलूस परिसरात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी होते. एकच सर शाळूला जीवदान देते, कापून पडलेले सोयाबीन भिजवते आणि फुलोऱ्यातील द्राक्षघडांची गळकूज करते. म्हणून ‘पाऊस येईल’ याइतकेच ‘पाच दिवस उघडीप राहील’ हे वाक्यही मोलाचे आहे.

शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता देण्याची प्रथा आपल्या देशात १९४५ पासून आहे. आज भारत हवामानशास्त्र विभाग व कृषी विद्यापीठे यांच्या सहकार्याने दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील पाच दिवसांचा अंदाज कृषिसल्ल्यासह प्रसिद्ध होतो. दर गुरुवारी येणारा विस्तारित अंदाज पुढील चार आठवड्यांचा कल सांगतो. एकाने दिवसाचे काम ठरवावे, दुसऱ्याने पंधरवड्याचे नियोजन करावे.

अंदाज चुकला, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. पुष्कळदा चूक अंदाजाची नसते, शब्दाच्या अर्थाची असते. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणजे त्या विभागातील फार तर एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे निम्म्याहून अधिक, तीन चतुर्थांशांपर्यंत. तेव्हा चारांपैकी तीन गावे कोरडी राहिली, तरी ‘तुरळक’ हा शब्द खराच ठरतो. त्यातच महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण-जतकडे तो सुमारे ५०० मिलिमीटर असतो. जिल्ह्याचा अंदाज आपल्या शिवाराला लावताना हे अंतर ध्यानी ठेवले पाहिजे.

सौम्य ऋतू म्हणजे निर्धास्त ऋतू नव्हे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील लांबलेल्या पावसाने सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागांची मोठी हानी केली. पुढच्याच वर्षी बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र १३ ऑक्टोबर रोजी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आले आणि तेलंगण व उत्तर कर्नाटक ओलांडून १४-१५ ऑक्टोबरला दक्षिण महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे गेले. सोलापूर, सांगली, सातारा व पुणे या जिल्ह्यांना त्याने झोडपले. पूर्व किनाऱ्यावरून अशी प्रणाली येथवर पोहोचण्यास एखादा-दुसरा दिवस लागतो. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकण्यास, काढलेला माल आडोशाला नेण्यास तेवढा अवधी पुरतो; मात्र वार्ता वेळेवर शिवारात पोहोचली पाहिजे.

येथेच ग्रामपंचायत व शाळा यांचे काम सुरू होते. मंगळवारी व शुक्रवारी फलकावर अंदाज ठळक अक्षरांत लिहावा आणि ‘तुरळक’, ‘काही’, ‘बऱ्याच’ यांचे अर्थ त्याखाली कायम ठेवावेत. शाळेने पर्जन्यमापक बसवून सकाळी साडेआठ वाजता विद्यार्थ्यांकडून पाऊस मोजून घ्यावा; हवामान विभागाच्या नोंदीची वेळ हीच आहे. कृषी सहायकाने पिकाच्या अवस्थेनुसार सल्ला समजावून द्यावा. दोन-तीन शरद ऋतूंच्या अशा नोंदी हाती आल्या, की जिल्ह्याचा अंदाज आपल्या गावी कितपत उतरतो, हे गावालाच कळू लागेल. मग छाटणी कधी घ्यावी, पेरणीला कोणता दिवस साधावा, याचा निर्णय नुसत्या आभाळाकडे पाहून घ्यावा लागणार नाही.