पानिपतच्या वाटेवर आठ दिवस



दिवाळीची सुटी जवळ आली की मराठी मध्यमवर्गीय घरांत प्रवासाची चर्चा सुरू होते. थंड हवेची ठिकाणे, समुद्रकिनारे, एखादे तीर्थक्षेत्र अशी नावे पुढे येतात. रणभूमीचे नाव सहसा कोणी घेत नाही. घेतलेच तर एखादा विजयाचा गड निवडला जातो. पराभवाच्या भूमीवर मुलाबाळांना घेऊन कशाला जायचे, असा आक्षेप वडीलधाऱ्यांकडूनही येतो. ज्या समाजाच्या बोलीत ‘पानिपत होणे’ हा शब्दप्रयोग अडीचशे वर्षांहून अधिक काळ नांदतो आहे, त्या समाजातील किती कुटुंबांनी पानिपत पाहिले आहे? दिल्ली-आग्रा पाहून आलेले लोक घरोघरी भेटतात. दिल्लीपासून पानिपत मात्र केवळ नव्वद किलोमीटरवर असूनही वाट वाकडी करून तेथे जाणारे विरळाच.

प्रवासाचा आरंभ दिल्लीत करावा. इंडिया गेटजवळचे राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण झाले. अमर, वीरता, त्याग आणि रक्षक अशी एकात एक चार चक्रे, अशी त्याची रचना आहे. त्यांपैकी त्यागचक्राच्या भिंतींवर स्वातंत्र्योत्तर काळात धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांची नावे ग्रॅनाइटवर कोरलेली आहेत. येथे घाई करू नये. मुलांना आपल्या जिल्ह्यातील वा आपल्या आडनावाचा एक तरी सैनिक शोधण्यास सांगावे. तो सापडेपर्यंत जो वेळ जातो, तोच या भेटीचा खरा लाभ. जवळच परमवीरचक्र-विजेत्यांचे अर्धपुतळे आहेत. १९४८ साली राजौरीच्या मार्गावर सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे रामा राघोबा राणे यांचाही पुतळा त्यांत आहे.

दिल्लीतून उत्तरेकडे निघताना यमुनाकाठचे बुराडी लागते. आज ती दाट वस्ती आहे, पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नाही. तरीही गाडी थोडी थांबवावी. १० जानेवारी १७६० रोजी, संक्रांतीच्या दिवशी, दत्ताजी शिंदे येथे पडले. पानिपतचा संग्रामही संक्रांतीलाच झाला, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. तो समज आजच्या दिनदर्शिकेमुळे रूढ झाला आहे. त्या काळी संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येत असे. १४ जानेवारी १७६१ पूर्वीच त्या वर्षीची संक्रांत होऊन गेलेली होती.

पानिपतला एक पूर्ण दिवस द्यावा. शहराबाहेर काला अंब येथे स्मृतिस्तंभ आहे. तेथे एक आंब्याचे झाड होते आणि रक्ताने माखलेल्या भूमीमुळे ते काळे पडले, अशी लोकश्रुती आहे. भव्य काही पाहावयास मिळेल या अपेक्षेने जाणाऱ्याची येथे निराशा होईल. भोवती सपाट शेते आहेत. ना डोंगर, ना खिंड, ना झाडीचा आडोसा. सह्याद्रीत वाढलेल्या गनिमी काव्याला या मैदानात जागाच नव्हती, हे पुस्तकाची दहा पाने वाचून जितके उमगत नाही तितके त्या बांधावर पाच मिनिटे उभे राहिल्यावर उमगते.

नोव्हेंबर १७६० पासून सुमारे अडीच महिने मराठ्यांची छावणी येथे खंदक खणून बसली होती. समोर अब्दाली होता आणि दिल्लीकडची वाट त्याच्या हाती गेली होती. अन्नधान्य तुटले, जनावरे मेली. छावणीत केवळ लढवय्ये नव्हते. बुणगे, बाजारकरी, स्त्रिया आणि उत्तरेतील तीर्थे घडावीत म्हणून सैन्याच्या आश्रयाने निघालेले हजारो यात्रेकरू होते. अखेर उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे, असे ठरले. सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव पडले. तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी अखेरपर्यंत भाऊंशी एकनिष्ठ राहिला आणि शत्रूच्या कैदेत मारला गेला. या सर्वांची नावे मुलांना सांगावीत. भाऊंच्या चुकाही सांगाव्यात. सुरजमल जाटासारखा मित्र दुरावला, एवढा मोठा लबेदा बरोबर घेतला, परतीची वाट राखली नाही. त्या झाकून ठेवल्या तर हा प्रवास निव्वळ सहल ठरेल. तयारीसाठी विश्वास पाटलांची कादंबरी घरात बहुधा असतेच. पण पिशवीत जागा एकाच पुस्तकाला असेल, तर त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत : १७६१’ घ्यावे.

पुढे कर्नालजवळ कुंजपुरा आहे. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठ्यांनी तो गढीकोट जिंकला होता. त्या विजयानंतर यात्रेकरूंना कुरुक्षेत्राची ओढ लागली. लष्कर त्या दिशेला वळले असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडल्याची वार्ता आली आणि सैन्य माघारी फिरले. कुरुक्षेत्राचे स्नान त्यांना घडले नाही. पानिपतहून आज ते अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. या प्रवासातील कुटुंबाने ब्रह्मसरोवरावर जावे आणि तेथे वाट अर्ध्यावर राहिलेल्या त्या अनामिकांसाठी ओंजळभर पाणी सोडावे. हरियाणातील रोड समाज आपले मूळ पानिपतात मागे राहिलेल्या मराठ्यांत शोधतो. इतिहासकारांचे त्याबाबत एकमत नाही. पण एखाद्या गावात चहासाठी थांबल्यावर ‘महाराष्ट्रातून आलो’ असे सांगून पाहावे.

उरलेले दिवस पंजाबसाठी ठेवावेत. अमृतसरला जालियनवाला बाग आहे. तेथून खेमकरणच्या वाटेवर असल उत्तर हे गाव लागते. १९६५ च्या सप्टेंबरात येथे पाण्याने भरलेल्या शेतांत पॅटन रणगाडे रुतले. जीपवरील तोफेने रणगाड्यांचा वेध घेत १० सप्टेंबरला हवालदार अब्दुल हमीद यांनी येथेच देह ठेवला. त्यांची कबर रस्त्यालगत आहे. शेवटचा मुक्काम फिरोजपूर. जवळच सतलजच्या काठी हुसैनीवाला येथे भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांची समाधी आहे. ही भूमी फाळणीनंतर पाकिस्तानात गेली होती. १९६१ साली बदल्यात गावे देऊन भारताने ती परत मिळवली. राजगुरू खेडचे, म्हणून समाधीवर वाहण्यासाठी घरून थोडी पुण्याकडची माती नेणारेही असतात.

काळाची निवड मात्र विचारपूर्वक करावी. मे महिन्यात ही मैदाने भाजून काढतात. जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात. दिवाळीनंतरचा पंधरवडा सर्वांत बरा. त्या दिवसांत दिल्लीची हवा बिघडलेली असते, म्हणून घरात दमेकरी असल्यास राजधानीतील मुक्काम आखडता घ्यावा.

परतीसाठी फिरोजपूरहून थेट मुंबईला येणारी पंजाब मेल आहे. भोपाळच्या अलीकडे ती विदिशावरून जाते. हेच जुने भेलसा. चुलतभावाच्या कुमकेसाठी निघालेले भाऊ आणि मुलगा गमावलेले नानासाहेब पेशवे, एकाच देहात दोन्ही, येथे येऊन पोहोचले असता एका सावकाराच्या पत्रातून, मोती, मोहरा आणि खुर्दा अशा व्यापारी भाषेत, त्यांना पानिपतची बातमी कळली. स्थानक आले की झोपलेल्या मुलांना उठवून खिडकीतून ती पाटी दाखवावी.