पडवीतलं पिल्लू

शहापूर-मुरबाडकडे राखणीला कुत्रं हवंच. आम्हां मुसलमानांतही राखणीच्या कुत्र्याला मुभा आहे. कुराणात गुहेत झोपलेल्यांच्या दाराशी कुत्राच आहे. अडचण रात्रीची. तानसाच्या रानात बिबट्या. अंगणात बांधलेलं पिल्लू त्याला सोपं. म्हणून पडवीला जाळी ठोकली, आत गोणपाट टाकलं. अम्मी म्हणाली, "लाळ लागली तर भांडं सातदा धुऊ, एकदा मातीनं. पण बिबट्याला द्यायचं नाही." नमाजाची खोली तेवढी बंद.

पहिल्या रात्री पिल्लू रडतंच, आईची ऊब सुटलेली असते. मारू नका. खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर बाहेर ठरल्या जागी न्या, हळूहळू शिकतं. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस टोचाच. चावलंच, तर हळद-चुना नको; जखम साबणानं पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात धुवा आणि लगेच सरकारी दवाखाना गाठा.