ज्वराचा स्वदेशी नकाशा



फ्लू हा शब्द आपल्या घरांत इतका रुळला आहे की, त्याचे भय उरलेले नाही. पाऊस लागला, मुले शिंकू लागली, आजोबांना कणकण आली की सुंठ-तुळशीचा काढा होतो, चार दिवसांत ताप उतरतो आणि घर तो विसरून जाते. घराने विसरावे हे स्वाभाविक आहे; राष्ट्राला मात्र ते परवडत नाही.

१९१८ च्या जूनमध्ये याच तापाची साथ मुंबईत दिसू लागली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिची दुसरी, भीषण लाट आली. आगगाडी जाईल तिथे ती गेली. देशातील मृतांचे बहुतेक अंदाज एक कोटीच्या वर जातात आणि १९११ ते १९२१ हे जनगणनेच्या इतिहासातील लोकसंख्या घटलेले एकमेव दशक ठरले. शंभर वर्षांनंतरही आपण अंदाजच का सांगतो? कारण त्या राजवटीच्या मृत्युनोंदीत ‘ताप’ हा एकच अवाढव्य रकाना होता. हिवताप, विषमज्वर, फ्लू यांची सरमिसळ त्यातच होत असे. मानवी फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये सापडला, म्हणजे शास्त्रालाही तेव्हा मर्यादा होती, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेतसाऱ्याची पै न् पै टिपणाऱ्या राज्ययंत्रणेला मेलेला माणूस कशाने मेला हे सांगता येऊ नये, यात पारतंत्र्याचे सारे मर्म आले.

स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या सहकार्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभे राहिले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेचे फ्लूवर पाळत ठेवणारे जाळेही सुरू झाले. या पाळतीची रीत वरकरणी साधी आहे. देशभरात काही रुग्णालये निवडायची. ताप-खोकल्याच्या रुग्णांपैकी काहींच्या नाकातील वा घशातील स्राव बोळ्यावर घ्यायचा. तो थंड पेटीतून प्रयोगशाळेत न्यायचा. विषाणू फ्लूचा आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचा, हे तपासायचे आणि निवडक विषाणूंची जनुकीय रचना वाचायची. हे एकदा करून भागत नाही. आठवड्यामागून आठवडा, वर्षामागून वर्ष, साथ असो वा नसो, ते अखंड चालावे लागते. नित्य उपासनेसारखेच हे काम आहे.

या उपासनेचे फळ काय? २००९ नंतर पुण्याच्या संस्थेसह देशातील संस्थांनी श्रीनगर, दिल्ली, लखनौ, नागपूर, पुणे, कोलकाता, दिब्रुगड, चेन्नई, वेल्लोर आणि अलप्पुळा अशा दहा शहरांतील नोंदी शेजारी शेजारी मांडल्या. श्रीनगरमध्ये फ्लूचा जोर जानेवारी ते मार्च या थंडीत दिसला. दिल्लीपासून पुण्यापर्यंत आणि कोलकात्यापासून अलप्पुळ्यापर्यंत तो मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी पावसाबरोबर चढला. चेन्नई-वेल्लोरमध्ये मात्र ईशान्य मोसमी पावसाच्या सुमारास, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तो वाढला. विषाणू तोच, पण त्याचे पंचांग प्रदेशागणिक वेगळे.

ही केवळ शास्त्रीय कुतूहलाची बाब नव्हे. फ्लूचा विषाणू रूप पालटतो, म्हणून लसही वेळोवेळी पालटावी लागते. तिची घडण जागतिक आरोग्य संघटना फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी सुचवते. नकाशावर भारत उत्तर गोलार्धात आहे. त्या हिशेबाने आपणही युरोपप्रमाणे हिवाळ्याच्या तोंडावर लस टोचून घेतली, तर देशाच्या बहुतांश भागात पावसाळी साथ तोवर येऊन गेलेली असते! म्हणूनच बहुतेक भारताला लस पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मे महिन्यांत, तर काश्मीरला हिवाळ्यापूर्वी हवी, असे या अभ्यासातून पुढे आले. दुसऱ्याच्या ऋतुचक्रावर आपले आरोग्य बेतता येत नाही. स्वदेशी म्हणजे केवळ देशी साबण नव्हे. आपल्या भूमीचे प्रश्न आपल्या मोजमापाने सोडवणे हेही स्वदेशीच आहे. त्यासाठी जगाशी फटकून वागण्याचे कारण नाही. आपल्या नोंदी जगाला द्याव्यात, जगाच्या आपण घ्याव्यात. पण देण्यासाठी आधी त्या आपल्याजवळ हव्यात.

२००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला. सारे शहर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागले. तेव्हा चाचणीची सोय मोजक्याच ठिकाणी होती. पुढे देशभर विषाणू निदान प्रयोगशाळांचे जाळे विणले गेले आणि २०२० च्या महामारीत त्याचे मोल सर्वांना कळले. परंतु साथ ओसरली की लक्षही ओसरते, हा आपला जुना दोष. रिकाम्या विहिरीचा गाळ उन्हाळ्यातच काढावा लागतो, हे शेतकरी जाणतो.

हे सारे काम सरकारचे आणि शास्त्रज्ञांचेच, असे समजण्याचे कारण नाही. दुकानातून परस्पर प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून दडपलेला ताप कोणत्याच नोंदीत येत नाही. आणि ती गोळी विषाणूवर चालतही नाही. ताप टिकला वा धाप लागली, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. शाळेत, वस्तीत, वसतिगृहात एकाच आठवड्यात अनेक जण आजारी पडले, तर आरोग्य केंद्राला कळवावे. स्राव मागितला तर संकोच न करता द्यावा. आजारी मुलाला शाळेत आणि स्वतःला गर्दीत पाठवू नये. घरातील वृद्ध, गर्भवती यांच्या लसीविषयी डॉक्टरांना वेळीच विचारावे. सेवावस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याची वही यात मोलाची ठरू शकते.

आपत्ती आल्यावर धावून जाणारा समाज ही आपली ओळख आहे आणि तिचा अभिमान रास्तच आहे. मात्र आपत्ती येण्याआधी शांतपणे मोजत बसणारा समाज ही त्यापुढची पायरी आहे. तिथे जयजयकार नाही, छायाचित्र नाही. आहे ती केवळ खरी नोंद. १९१८ मध्ये गेलेल्यांची नावे ‘ताप’ या एका शब्दाखाली गाडली गेली. पुन्हा कोणी तसे बेनाव जाऊ नये, एवढा संकल्प आपण करू या.