पडद्यावरची चांदमारी



अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मार्गेट या समुद्रकाठच्या गावी, रात्री एका संशयिताचा पाठलाग करणाऱ्या शिपायाची गोळी गलका ऐकून घराबाहेर आलेल्या निरपराध रहिवाशाला लागली आणि तो प्राणास मुकला. त्याबद्दलच्या दाव्यात १९७९ साली न्यायालयाने शिपायाच्या वर्तनाबरोबरच त्याला मिळालेल्या तालमीचीही झडती घेतली. चांदमारी सहा-सहा महिन्यांनी नियमाने होत असे. परंतु अंधारात, हलत्या लक्ष्यावर, वा भरवस्तीत गोळी झाडण्याविषयी कोणी चकार शब्द शिकविला नव्हता, आणि गाव तर जवळजवळ सगळे वस्तीचेच! पुढे १९८९ मध्ये, ओहायोतील कॅन्टन शहराच्या खटल्यात, तालमीची उणीव ही नागरिकांच्या हक्कांविषयीची बुद्धिपुरस्सर बेपर्वाई ठरत असेल तर खुद्द नगरपालिकाच जबाबदार, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला.

चांदमारीतले कागदी लक्ष्य नेम तेवढा तपासते. ही उणीव भरून काढू पाहणाऱ्या सिम्युलेटर या तालमीच्या यंत्राच्या पडद्यावरील इसम मात्र खिशात हात घालतो, आणि त्यातून पिस्तूल निघावे की मोबाइल, हे मागे यंत्रापाशी बसलेला शिक्षक, शिपाई त्याच्याशी कोणत्या स्वरात बोलतो हे ऐकून, ऐनवेळी ठरवतो. शिपायाच्या हातातले हत्यार झटका देते, पण त्यातून सुटतो तो लेसरचा किरण. नंतर तोच प्रसंग पुन्हा दाखवून, बोट चापावर का गेले, याचा जाब विचारला जातो. माझ्या मते यंत्राची सारी किंमत या जाबात आहे.

या यंत्रासाठी पैसा पुष्कळदा अमेरिकी संघराज्याच्या अनुदानातून येतो, आणि त्यांतले एक प्रमुख अनुदान १९८८ साली न्यूयॉर्कमध्ये मारल्या गेलेल्या एडवर्ड बर्न या तरुण शिपायाच्या नावाने चालते. कधी तो जप्त मालमत्तेतूनही येतो. यंत्र असे परभारे येते, परंतु शिक्षकाचा पगार, आणि शिपाई सिम्युलेटरच्या खोलीत असताना त्याच्या जागी गस्तीवर जाणाऱ्याचा जादा भत्ता, हे वर्षानुवर्षांचे ओझे नगराच्या स्वतःच्या अंदाजपत्रकावर पडते, आणि तेथे कारभाऱ्यांचा हात आखडतो. तेव्हा यंत्राच्या खरेदीच्या मंजुरीचा ठराव पुढे येताच नगरसभेच्या सभासदांनी किमतीच्या रकान्याशेजारी शिक्षकाचा पगार आणि दर शिपायामागे वर्षाचे तालमीचे तास, हे दोन आकडे मागावेत, आणि ते मिळेपर्यंत ठराव तहकूब ठेवावा.