शिकोकू बेटावर काय पाहाल?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यातली काही मंडळी पै-पैसा साठवून जपानच्या सहलीला निघाली आहेत. टूरवाल्याच्या कागदावर शेवटचे चार दिवस ‘शिकोकू बेट’ असं छापलेलं आहे. तिथं काय पाहायचं ते सांगा, असा निरोप समितीनं आम्हाला दिला. आधीच कबूल करतो, आम्ही जपान पाहिलेला नाही. आमची उमर साचेखात्यात गेली. पण पाळी सुटल्यावर वाचायची खोड बाबासाहेबांनी लावली, आणि वाचनालयात नकाशा उघडून बसायला भाडं पडत नाही. तेव्हा वाचून जे पक्कं कळलं तेवढंच सांगतो.

जपानच्या चार मोठ्या बेटांत शिकोकू सर्वांत लहान. नावाचा अर्थच ‘चार देश’. पूर्वी तिथं चार प्रांत होते. आज तोकुशिमा, कोची, एहिमे आणि कागावा असे चार आहेत. १९८८ साली समुद्रावर सेतो महापूल झाला, त्यावरून रेल्वेही जाते आणि मोटारीही. पुलाच्या अलीकडे ओकायामा प्रांत. नागपूरच्या दीक्षाभूमीचे भदन्त सुरेई ससाई यांचा जन्म त्याच ओकायामातला. म्हणजे वाट अगदीच परक्याची नाही.

सगळे जे पाहतात ते तुम्हीही जरूर पाहा. नारुतोच्या सामुद्रधुनीत भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याचे मोठमोठे भोवरे उठतात. पुलाच्या पोटातून चालायची वाट केली आहे, तिथं काचेवर उभं राहून पंचेचाळीस मीटर खाली पाणी दिसतं. इया खोऱ्यात वेलींचा झुलता पूल आहे. दर तीन वर्षांनी तो नव्यानं विणतात. विणकर माणसानं तो पाहिलाच पाहिजे. मात्सुयामा शहरात दोगोचं गरम पाण्याचं स्नानगृह आहे, त्याची लाकडी इमारत १८९४ सालची. कोतोहिराला डोंगरावरच्या देवस्थानाला ७८५ पायऱ्या आहेत. ज्या मावश्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खालीच बसून चहा घ्यावा, काही बिघडत नाही.

पण मित्रहो, आपण बौद्ध म्हणून जातो आहोत, कामगार म्हणून जातो आहोत. त्यामुळे आणखी चार जागा आम्ही सुचवतो.

पहिली जागा म्हणजे रस्ता. बेटाभोवती अठ्ठ्याऐंशी बौद्ध मंदिरांची वाट आहे, सुमारे बाराशे किलोमीटरची. पायी चालणाऱ्याला चाळीस ते साठ दिवस लागतात. पांढरा अंगरखा, गवती टोपी, हातात काठी. पूर्वी वाटेत मरण आलं तर तोच अंगरखा कफन व्हायचा आणि तीच काठी थडग्यावर रोवायचे. पहिल्या मंदिराचं नाव र्‍योझेनजी. र्‍योझेन म्हणजे राजगीरचा गृध्रकूट पर्वत, जिथं तथागतांनी धम्म सांगितला. इतक्या लांब समुद्रापार लोकांनी आपल्या मंदिराला बिहारमधल्या टेकडीचं नाव दिलं, हे ऐकून छाती भरून येते.

तो संप्रदाय मंत्रतंत्राचा आहे, आपला मार्ग निराळा. मंदिरामंदिरांत वहीवर शिक्के घेऊन पुण्य जमवायचं आपल्याला कारण नाही. पण त्या रस्त्यावर ‘सेत्ताई’ नावाची रीत आहे, ती मात्र नीट पाहा. गावकरी चालणाऱ्याला संत्री, चहा, चार नाणी, कधी रात्रीचा आसरा देतात. मोबदला घेत नाहीत. घेणारा आपल्या नावाची चिठ्ठी देतो आणि पुढं जातो. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कावर आपली पोरं पाण्याची आणि जेवणाची सोय करतात, त्यातलीच ही माया.

दुसरी जागा म्हणजे तलाव. ह्या साऱ्या वाटेचा आद्य पुरुष भिक्खू कूकाई. लोक त्याला कोबो दाइशी म्हणतात. त्याचा जन्म ७७४ सालचा, ह्याच बेटावरचा, आज जिथं झेन्त्सूजी मंदिर आहे तिथला. तो चीनला जाऊन शिकून आला. त्याच्या नावावर चमत्कारांच्या पुष्कळ गोष्टी आहेत. त्या सोडून द्या. कोतोहिराजवळ मान्नो तलाव आहे, तो बघा. कागावा प्रांतात पाऊस कमी, शेती तलावांवर. ८१८ साली ह्या तलावाचा बांध फुटला. सरकारनं माणूस पाठवला, पण काम पुरं होईना, मजूरच मिळेनात. मग ८२१ साली कूकाईला पाठवलं. त्याच्या शब्दाखातर गावंच्या गावं घमेली-फावडी घेऊन आली आणि काही महिन्यांत बांध उभा राहिला. पुढं ११८४ साली तो पुन्हा फुटला, आणि साडेचारशे वर्षं कुणी बांधलाच नाही. १६३१ साली पुन्हा बांधला. आजही जपानात शेतीच्या पाण्याचा हा सर्वांत मोठा तलाव मानतात, आणि दर जूनमध्ये भातासाठी त्याचं पाणी सोडतात.

महाडच्या तळ्याची लेकरं आपण. पाणी कोण अडवतो आणि कोण सोडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जो भिक्खू चिखलात उभा राहून बांध घालतो, त्याच्याशी आपलं नातं जुळतं. ह्याच कूकाईनं ८२८ साली क्योतोत गोरगरिबांच्या पोरांसाठी शाळा काढली होती. ती फार टिकली नाही, पण काढली होती.

तिसरी जागा बेश्शीची तांब्याची खाण, निइहामा गावाजवळ. १६९१ साली सुरू झाली, १९७३ साली बंद पडली. डोंगरावर तोनारू म्हणून जागा आहे, तिथं एके काळी हजारो कामगार बायकापोरांसह राहत. आता विटांच्या भिंती उरल्यात आणि लोक फोटो काढायला येतात. भिंती सुंदर आहेत, फोटो काढा. पण १८९९ सालच्या वादळात दरड आणि पुरानं खाणीवरची पाचशेहून अधिक माणसं गेली, भट्टीच्या धुरानं पिकं जळाली म्हणून शेतकरी उठले, हेही ध्यानात ठेवा. आमच्या भोंग्याचा आवाज बंद झाला तेव्हा आम्हाला वाटलं, चिमणी राहील. चिमणी राहिली तरी खाली कोण राबलं ते सांगणारा माणूस लागतो.

चौथी जागा टूरवाल्याच्या कागदावर नाही. हट्ट धरून जा. ताकामात्सू बंदरातून बोटीनं अर्ध्या तासावर ओशिमा नावाचं छोटं बेट आहे. मघाशी ज्या रस्त्याचं कौतुक केलं, त्याच रस्त्यावर घरादारानं टाकलेले कुष्ठरोगी मरेपर्यंत चालत राहायचे. गावाला दिसू नये म्हणून कित्येक जण डोंगरातल्या आडवाटेनं जायचे. मियामोतो त्सुनेइची नावाच्या लोकजीवनाच्या अभ्यासकानं असा माणूस वाटेत भेटल्याचं लिहून ठेवलं आहे. सरकारनं १९०७ साली कायदा केला आणि १९०९ साली ओशिमावर ह्या माणसांना आणून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर औषध आलं, रोग बरा होऊ लागला, तरी कायदा राहिला. तो रद्द झाला १९९६ साली. २००१ साली कुमामोतोच्या न्यायालयानं ही कोंडी घटनाबाह्य ठरवली.

बेटावर अठ्ठ्याऐंशी मंदिरांची छोटी प्रतिकृती आहे. बाहेर जाता येत नव्हतं, म्हणून आतच वाट केली. अस्थींची जागाही तिथंच आहे, कारण मेल्यावरसुद्धा घरच्यांनी नेलं नाही. आता मूठभर म्हातारी माणसं उरली आहेत. तिथं आवाज न करता चाला, आणि त्यांच्या तोंडापुढं कॅमेरा धरू नका.

मित्रहो, ज्या रस्त्यानं संत्री दिली त्याच रस्त्यानं माणसाला आडवाटेला लावलं. दोन्ही खरं आहे. धम्म नुसता मंदिराच्या संख्येनं मोजला की हे असं होतं. आपल्या विहारालाही हे लागू आहे. आज वर्धापनदिन आहे म्हणून गोड बोलणार नाही. वस्तीत क्षयाचा रोगी असला की आपण त्याच्या दाराशी किती वेळा जातो? ज्याला आपण आडवाटेला लावलं असा कुणी आपल्यातही असेल. त्याला शोधा.

शेवटी एक. शिकोकूची वाट पुरी झाल्यावर पुष्कळ यात्रेकरू समुद्र ओलांडून कूकाईच्या कोयासान पर्वतावर जातात. त्या पर्वतावर शेकडो वर्षं बायकांना बंदी होती. सरकारनं ती उठवली १८७२ साली. आणि त्याच पर्वतावरच्या कोयासान विद्यापीठात सप्टेंबर २०१५ मध्ये बाबासाहेबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. टूरवाल्याला सांगून तिथवर जा. हार-फुलं नसली तरी चालेल. उभे राहा आणि त्यांना सांगा, बाबा, तलाव पाहिला, खाण पाहिली, ओशिमाही पाहून आलो.

परत आलात की आम्हाला इथं बसून सांगा. आम्ही नकाशा घेऊन बसतो.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!