ऐकून घेणारी बालवाडी

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



मूल अडीच वर्षांचे झाले की मध्यमवर्गीय घरांतून एकाच विषयाची चर्चा सुरू होते : बालवाडी कोणती? माध्यम, शुल्क, बसची सोय, पुढे दहावीपर्यंतची निश्चिंती, अशी यादी तयार होते. पण ज्या घरातील मूल अजून नीट बोलत नाही, त्या घरात या यादीला चिंतेची किनार असते. आजच्या विवेचनाचा विषय तीच घरे आहेत.

असेच एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू या. आई-वडील दोघेही नोकरी करणारे, घरात आजी-आजोबा, मुलगा सव्वातीन वर्षांचा. 'काकी'ला तो 'ताती' म्हणे आणि 'गाडी'ला 'दादी'. घरच्यांना सारे कळे, परक्याला काहीच कळत नसे. एका नावाजलेल्या शाळेत प्रवेशासाठी नेले असता त्याला कावळ्याचे चित्र दाखवण्यात आले. तो 'तावळा' म्हणाला. पुन्हा विचारले, तो पुन्हा तेच म्हणाला. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने आईच्या पदराआड तोंड लपवले. 'बोलायला लागला की पुढच्या वर्षी आणा,' असे सांगण्यात आले. बोलणे जेथे फुलायचे, त्या जागेचे दार बोलता येत नाही म्हणूनच बंद झाले!

हा प्रश्न एका घराचा नाही. बालवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेण्याची प्रथा बंद करावी, अशी शिफारस प्रा. यशपाल यांच्या समितीने 1993 मध्येच केली होती. शिक्षण हक्क कायद्याने 2009 मध्ये शाळाप्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली. मात्र त्या कायद्याचा मुख्य भर सहा ते चौदा या वयोगटावर आहे. त्याहून लहान मुलाच्या बाबतीत पालकांचा विवेक हाच खरा रक्षणकर्ता ठरतो.

शाळेच्या शोधाआधी एक पायरी आहे आणि ती चुकवता कामा नये : मुलाला नीट ऐकू येते ना, याची तपासणी. जे कानावर स्पष्ट पडत नाही, ते जिभेवर स्पष्ट येत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या मध्यकर्णात पाणी साचते आणि ऐकणे मंदावते. हाक मारली की मूल वळून पाहते, म्हणून घरच्यांच्या ते ध्यानात येत नाही. वर सांगितलेल्या मुलाच्या बाबतीत नेमके हेच निघाले.

साधारणपणे वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी आणि तिसऱ्या वर्षी परक्यालाही बरेचसे कळेल असे बोलणे अपेक्षित असते. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे होऊ लागले, तर थांबू नये. 'याचे वडीलही उशिराच बोलले' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. जिभेला वेखंड चाटवणारी आजी प्रेमापोटीच ते करते. पण त्या प्रेमाला तज्ज्ञांच्या सल्ल्याची जोड हवी. मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण क्षेत्रातील राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी होते आणि गरजू बालकांना शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत वाचा व भाषा दोषाचाही समावेश आहे. या सोयी ठाऊक नसल्याने मुलाची दोन-तीन मोलाची वर्षे वाया जावीत, हे समाजाला भूषणावह नाही.

आता मूळ प्रश्न. बालवाडी निवडायची कशी? कसोटी एकच ठेवावी : येथे मुलाचे ऐकून घेतले जाते का?

प्रवेशापूर्वी तासभर वर्गात बसण्याची परवानगी मागावी. ताई प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबतात, की लगेच पुढच्या मुलाकडे वळतात? मूल 'ताती आली' म्हणाले, तर 'नीट म्हण, काकी म्हण' असा दंडक लावतात, की 'हो का? काकी आली? काय आणलं काकीनं?' असे म्हणून योग्य उच्चार सहज कानावर घालतात आणि बोलणे पुढे नेतात? दुसरी मुले हसली तर त्या काय करतात? एका ताईंकडे किती मुले आहेत? खोली इतकी गजबजलेली तर नाही ना, की कमी ऐकू येणाऱ्या मुलाला सारा गोंगाटच वाटावा? वाळू, पाणी, भातुकली आहे, की पाटी-पेन्सिलीचाच कारभार? भातुकलीत मूल न सांगता बोलू लागते. ओळीत हात बांधून बसवलेले मूल गप्प बसायलाच शिकते.

अडखळणाऱ्या मुलाचा विचार थोडा वेगळा. दोन ते पाच या वयात पुष्कळ मुले अडखळतात आणि त्यांतील बहुतेकांचे अडखळणे आपोआप थांबते. मात्र घरात कोणाला ही अडचण असेल, ती महिनोन्‌महिने टिकली असेल किंवा बोलताना मुलाच्या चेहऱ्यावर ताण दिसत असेल, तर तज्ज्ञांना दाखवावे. या मुलांच्या बाबतीत आपल्या परंपरेतील एक गोष्ट हितकर ठरते. सर्वांसह एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडखळणे बहुधा नाहीसे होते. ज्या बालवाडीत रोज समूहाने श्लोक, बडबडगीते आणि प्रार्थना होतात, तेथे अशा मुलालाही आपला आवाज मोकळा झाल्याचा अनुभव मिळतो. त्याच मुलाला पाठांतर स्पर्धेत एकटे उभे करणे मात्र क्रौर्य होय.

भाषेचा प्रश्न इथे अपरिहार्यपणे येतो. दोन भाषा कानावर पडल्याने वाचादोष उद्भवतो, हा समज खरा नाही. तसा धाक कोणी घालू नये. परंतु ज्याला घरच्या भाषेतच शब्द जुळवताना कष्ट पडतात, त्याला सर्वस्वी अनोळखी भाषेच्या वर्गात बसवले, तर त्याने बोलायचे कोणाशी? राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 2020 मध्ये घरची भाषा वा मातृभाषा यांवर भर दिला, तो सर्वच मुलांसाठी; या मुलांना तर तिचा आधार अधिकच हवा.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. गिजुभाई बधेका यांच्यासह 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभले. अनुताई वाघ यांची त्यांना साथ लाभली. वारली पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत हे दिसताच या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडीची कल्पना साकारली. मूल जेथे आहे, तेथे शाळेने जायचे, हीच ती दृष्टी होय.

आपल्या पूर्वजांनी वाणीचा विचार किती सूक्ष्मपणे केला होता! कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांच्या क्रमाने लावलेली आपली वर्णमाला त्याची साक्ष देते. पाणिनीय शिक्षेत वर्णोच्चाराला वाघिणीची उपमा दिली आहे : ती पिल्लाला दातांत धरून नेते, पण ते निसटू देत नाही आणि त्याला दातही लागू देत नाही. बालवाडीच्या ताईंनी मुलाचा अर्धामुर्धा शब्द असाच धरायला हवा.

त्या मुलाचे पुढे काय झाले? कानावर उपचार झाले, आठवड्यातून एकदा वाचा-उपचार सुरू झाले आणि घराजवळच्या एका साध्या मराठी बालवाडीत त्याचे नाव घातले गेले. चमत्कार घडला नाही. पहिले दोन महिने तो वर्गात गप्पच होता. तिसऱ्या महिन्यात एके दिवशी खिडकीवर पक्षी बसला आणि तो मोठ्याने ओरडला, 'ताई, तावळा!' ताई म्हणाल्या, 'अरे हो, कावळाच की! चला, सगळे बघू या.' सारा वर्ग त्याच्या शब्दावर खिडकीशी धावला. त्या दिवशी घरी आल्यावर तो बराच वेळ बोलत होता.

कार्यकर्त्यांसाठी एक निवेदन. आपल्या वस्तीतील प्रत्येक बालवाडीच्या ताईंची वर्षातून एकदा तरी वाचा-उपचारतज्ज्ञांशी भेट घडवून आणणे अवघड नाही. त्याला निधी लागत नाही, थोडी तळमळ लागते. अशा मुलाची आई तुमच्या परिचयात असेल, तर तिला उपदेश करू नका. तिच्यासोबत कानाच्या तपासणीला जा आणि एक सकाळ बालवाडीच्या वर्गात तिच्या शेजारी बसा.