तोंडी हुकूम, लेखी दुजोरा

तालुक्याचं परतूर असो की मंत्रालय, काम फत्ते झालं की सत्कार साहेबांचा आणि बिघडलं की खापर कारकुनाच्या माथी, हा प्रकार जुनाच. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या हाती मात्र महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 आहेत. वरिष्ठांचा आदेश शक्यतो लेखी घ्यावा, तोंडी असेल तर लवकरात लवकर लेखी दुजोरा मिळवावा, असं ते सांगतात. भांडण कशाला? त्याच दिवशी टिपणी ठेवा: ‘आजच्या तोंडी सूचनेनुसार यादी पाठवत आहे, कृपया पुष्टी व्हावी.’ खाली सही, तारीख. साहेब आठ्या घालतील, घालू द्या. खासगी नोकरीत, कापसाच्या जिनिंग कारखान्यात वगैरे हे नियम लागू नाहीत. तिथं व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींचा निरोप टाकावा, आणि तो पुसू नये.